टेकडीवरच्या गुहेतली वटवाघळं हाकलायचं ठरतंय. काय करू?

घाटावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बुलढाणा जिल्ह्यातला, घाटावरचा. तालुका मेहकर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण उद्या ही पोस्ट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरेल आणि मला त्याच गावात राहायचंय.

आमच्या गावामागच्या टेकडीत देवीची गुहा आहे. तोंडाशी वाकून जावं लागतं. आत पंधरा-वीस माणसं उभी राहतील एवढी जागा आणि शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे देवीचा दगड. त्याच्या मागं डाव्या हाताला एक फट आहे. कमरेत दुमडून, एक खांदा पुढं घालून शिरलं की दुसरी खोली लागते. तिथं वटवाघळं आहेत. किती ते कोणी मोजलेलं नाही. माझ्या आजोबांच्या लहानपणीही होती म्हणतात.

यंदा सरकारच्या 'क' वर्ग तीर्थक्षेत्र योजनेतून गुहेसाठी पैसे आलेत. फरशी, रंग, चार मोठे एलईडी दिवे आणि फटीला बारीक लोखंडी जाळी असं कामात धरलंय. जाळी बसवायच्या आधी आत धूर करून वटवाघळं बाहेर काढायची, असं समितीच्या बैठकीत ठरलं. यात्रा चैत्रात असते. त्याआधी सगळं उरकायचंय.

मी विरोध केला नाही, खरं सांगतो. माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी पोरांनी मध काढायला म्हणून गोवऱ्या पेटवल्या होत्या, त्याचा धूर फटीतून आत गेला. दुसऱ्या दिवशी मी झाडायला गेलो तर तांदळ्यामागं जमिनीवर अंगठ्याएवढी पिल्लं पडली होती. अंगावर केस नाहीत, कातडी गुलाबी-करडी. एक जिवंत होतं. तोंड उघडं होतं, आवाज ऐकू येत नव्हता. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न दोन. ही वटवाघळं दुर्मीळ वगैरे असू शकतात का? तसं असेल तर थांबवता येईल. आणि नसतील तर?

वऱ्हाडी ठेचा

काहून बे एवढं डोकं लावून राह्यले? चमगादडच हायेत ना. आमच्या वाड्यात लय होते. बुवानं एक दिवस मिरच्याची धुरी देल्ली, दुसऱ्या दिवशी वाडा साफ. कोनाचं काय अडलं?

शंकासुर

वटवाघळांपासून माणसाला होणाऱ्या निपाह विषाणूचं काय? २०२१ मध्ये बातमी आली होती, महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला (एनआयव्ही) निपाहच्या खुणा सापडल्या म्हणून. शेकडो माणसं देवीला येणार, लहान पोरं येणार, आणि डोक्यावर ही. मला तर समितीचं बरोबर वाटतं. भावना समजतात, पण आधी माणूस.

निशाचर

घाटावरचे भाऊ, बरं झालं आधी विचारलंत. मी मूळचा अमरावतीचा. एमएस्सीला असताना दोन वर्षं पडक्या वाड्यांत आणि गुहांत वटवाघळं मोजत हिंडलोय. ओळखायला मदत करा:

नाकावर चामड्याची घडी, पान चिकटवल्यासारखी आहे का? की शेपूट उंदरासारखी लांब, मोकळी लोंबते? कान डोक्यावर एकमेकांना जोडलेले आहेत का? आणि जमिनीवर लेंड्यांशिवाय आणखी काय पडलेलं असतं?

फोटोसाठी आत जाऊ नका. आठवत असेल तेवढंच सांगा.

घाटावरचा

नाकावर पानासारखं आहे, नक्की. बारीक, तपकिरी, एकमेकांपासून चार बोटं अंतर ठेवून टांगलेली. एका कोपऱ्यात मात्र मोठी पाच-सहा असतात, राखाडी, कान मोठ्ठे. त्यांच्याखाली बेडकाचे पाय पडलेले असतात. एकदा चिमणीचे पंखही होते. आम्हाला वाटायचं कोणीतरी करणी केलीय.

निशाचर

करणी नाही, ते जेवणाचं उष्टं आहे. मोठ्या कानाची ती लायरोडर्मा लायरा, इंग्रजीत फॉल्स व्हँपायर म्हणतात. रक्त पीत नाही. बेडूक, उंदीर, पाली, मोठे किडे, कधी दुसरी लहान वटवाघळं पकडून टांगायच्या जागी आणते आणि निवांत खाते. बारीक आहेत ती पानमुखी, म्हणजे हिप्पोसिडेरॉस. त्यात विदर्भात सापडतील अशा दोन-तीन जाती आहेत, नुसत्या वर्णनावरून नेमकी सांगता येणार नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. बहुतेक नाहीत. या जाती भारतभर आहेत, कागदावर 'संकटग्रस्त' नाहीत. 'दुर्मीळ आहेत' म्हणून समितीपुढं गेलात आणि उद्या कोणी जाणकार येऊन 'साधीच आहेत' म्हणाला, की खेळ संपला. त्या वाटेनं जाऊ नका.

पण दुर्मीळ होणं म्हणजे काय ते कोलारला बघायला मिळतं, म्हणून तेवढं सांगतो. याच हिप्पोसिडेरॉस कुळातली एक जात आहे, हायपोफिलस, कोलार पानमुखी म्हणतात. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात हनुमनहळ्ळी नावाचं गाव आहे. डीटर कॉक आणि एच. आर. भट यांनी १९९४ मध्ये तिथल्या नमुन्यांवरून ही नवी जात म्हणून नोंदवली. आधी जवळच्या दुसऱ्या एका ठिकाणीही ती होती. तिथून गेली. आता अख्ख्या जगात एक गुहा उरलीय. दोनशेसुद्धा नसतील असा अंदाज आहे. २०१६ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती 'अतिसंकटग्रस्त' झाली. वाघाच्याही वरची पायरी.

कामासाठी बंगळुरात आलो तेव्हा एकदा तिकडं गेलो. काय बघायला मिळेल असं वाटलं होतं कोण जाणे. एक खडकाळ टेकडी. ग्रॅनाईटचे मोठमोठे गोटे एकमेकांवर रेललेले, खालून अंधारी बोळ. घाट नाही, जंगल नाही, आपल्या मेहकर-लोणारकडच्या माळासारखाच माळ. त्या भागात दगड फोडणाऱ्या खाणी होत्या, सुरुंगाचे हादरे गुहेपर्यंत जायचे. बॅट कन्झर्वेशन इंडिया ट्रस्टच्या लोकांनी पाठपुरावा केला, गावातल्यांशी बोलले, वन खात्याला धरलं, तेव्हा कुठं खाणकाम थांबलं आणि गुहेभोवतीची जमीन राखली गेली. मी गुहेत गेलो नाही. बाहेर गोट्यावर बसून राहिलो. अंधार पडल्यावर एक एक करून बाहेर आली. आवाज नाही. कानाजवळून गेली तरी नुसता वारा. माझ्यासमोरून एका जातीची जगातली सगळी लोकसंख्या जाऊन राहिली होती आणि शेजारी एक माणूस म्हशी घराकडं हाकत होता.

ती गुहा सुद्धा नोंद होईपर्यंत 'साधीच' होती. कोणी मोजलं नव्हतं एवढंच.

मास्तरीण

निशाचर, वाचता वाचता चहा गार झाला. वाचनखूण साठवलीय.

शंकासुर

छान लिहिलंय, पण निपाहचं उत्तर आलं नाही. आणि दुसरं, अजिंठ्याची कितीतरी चित्रं वटवाघळांच्या घाणीनं खराब झालीत. तिथं दारांना जाळ्या लावल्या तेव्हा कोणी धागा काढला होता का? देवीच्या गुहेला वेगळा न्याय कशाला?

निशाचर

अजिंठ्याचं तुमचं म्हणणं मान्य. तिथं दीड-दोन हजार वर्षांचे रंग आहेत, ते गेले तर परत येत नाहीत. इथं मागच्या खोलीत काय आहे? काळा दगड. तांदळा पुढच्या खोलीत आहे, वटवाघळं मागच्या. दोघांनी आपसात वाटणी केलेलीच आहे.

निपाह. महाबळेश्वरची बातमी खरी आहे. ती मुख्यतः रुसेटस या फळं खाणाऱ्या, गुहेत राहणाऱ्या जातीबद्दल होती. घाटावरच्यांची पानमुखी किडे खातात. तरी कुठलंही वटवाघूळ हातात धरू नये, मेलेलं असलं तरी. चावलं तर जखम साबणानं भरपूर धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. उष्टं फळ खायचं नाही. आणि सुकलेल्या विष्ठेची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही, तिच्यातल्या बुरशीनं फुप्फुसाचा आजार होतो. देवदर्शनाला येणारा माणूस यातलं काहीच करत नाही. पण धूर करून, काठीनं पाडून, घमेल्यात भरून बाहेर टाकणारा माणूस हे सगळं करतो. आजाराची भीती असेल तर हाकलणं हाच त्यातला सगळ्यात धोक्याचा उद्योग आहे.

वऱ्हाडी ठेचा

एक सांगाचं राह्यलं. वाडा साफ झाला तेव्हा ते आमच्या शाळेच्या पत्र्याखाली आले. मंग दोन वर्ष शाळेत वास. हेडमास्तर बुवाले शिव्या देत होते.

(हलकं घ्या. पन खरं हाय.)

सरकीवाला

मी वणीकडचा, कापूसवाला. एक गोष्ट विचारतो. बोंडअळीचा पतंग रात्रीच उडतो. गुलाबी अळी बोंडात शिरली की फवारणीचा काही उपयोग नाही हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पतंगालाच गाठावं लागतं. म्हणून तर मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावतो. मग ही रात्रभर पतंग खाणारी पाखरं (पाखरं नाहीत, माहीत आहे) आपल्या कामाची नाहीत का? याचा कोणी हिशेब केलाय का?

निशाचर

अमेरिकेत केलाय. टेक्सासच्या दक्षिण भागात आठ जिल्ह्यांच्या कापूस पट्ट्यात गुहेत राहणारी वटवाघळं बोंडअळीचे पतंग खातात. ती तिथली अळी, आपल्या हिरव्या बोंडअळीची बहीण म्हणा. २००६ साली छापलेल्या अभ्यासात त्यांचं काम वर्षाला सुमारे ७,४१,००० डॉलरचं धरलं होतं, वाचलेलं पीक आणि वाचलेल्या फवारण्या मिळून. तिथं एकेका गुहेत लाखोंनी असतात, त्यामुळं तो आकडा उचलून मेहकरला लावू नका. तुमची गुहा गावची बोंडअळी संपवणार नाही. पण कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात रात्री पाळीवर असलेला हा गडी आहे आणि तो रोजी मागत नाही.

झाडीपट्टी

आमच्याकडं गोंदियाला फळं खाणारी जास्त. मोहाची फुलं आणि फळं खातात, बिया लांब नेऊन टाकतात. मोह लावलेला कोणी पाहिलाय का? बहुतेक असाच येतो.

धाग्याशी संबंधित: सालेकसा तालुक्यात कचारगड आहे, माघ पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते, चार-पाच राज्यांतून गोंड समाज येतो. ती गुहा एवढी अवाढव्य आहे की माणसं, धूप, दिवे सगळं पोटात घेते. घाटावरच्यांची गुहा म्हणजे दोन खोल्यांचं घर. तिथं धूर केला तर जायला जागाच नाही. आकार बघून बोला एवढंच समितीला सांगायचं.

घाटावरचा

सगळ्यांचे आभार. उद्या बैठक आहे. दोन अडचणी:

१. जाळीची रक्कम कामात मंजूर आहे. 'जाळी नको' म्हटलं की ठेकेदार, सरपंच सगळे बिथरतील. जाळीऐवजी काय सांगू? अमेरिकेत म्हणे वटवाघळांसाठी वेगळं गेट असतं.

२. कायद्यात काही आहे का?

निशाचर

गेट असतं. आडवे गज, दोन गजांत साधारण पावणेसहा इंच अंतर, उभ्या पट्ट्या शक्य तितक्या कमी. पण सगळ्या जाती ते चालवून घेत नाहीत. काही गेट बघून गुहाच सोडतात. तुमची फट मुळातच अरुंद आहे, तिला काहीही लावू नका. माणूस अडवायचा असेल तर अलीकडं अडवा. तांदळ्यामागं, फटीपासून पाच-सहा फूट सोडून कमरेएवढा कठडा करा. लोखंड तेवढंच लागेल, बिल तेवढंच होईल. ठेकेदाराला लोखंड कुठं बसतं याच्याशी काय देणंघेणं?

दिवे चारऐवजी एक, तोही तांदळ्यावर पाडलेला, फटीकडं पाठ. संध्याकाळच्या आरतीनंतर बंद. फटीवर उजेड राहिला तर ती उशिरा बाहेर पडतात, आणि किडे सगळ्यात जास्त असतात तो तिन्हीसांजेचा वेळ हातचा जातो.

आणि मुख्य म्हणजे चैत्र-वैशाख. मोठ्या कानाच्या त्या जातीची पिल्लं उन्हाळ्यातच होतात, पानमुख्यांपैकी काहींचीही. वर्षाला एक मादी, एक पिल्लू. उंदरासारखं दर महिन्याला आठ-दहा नाही. म्हणून एका उन्हाळ्यातल्या धुराची भरपाई व्हायला वर्षानुवर्षं लागतात. तुम्ही तांदळ्यामागं पाहिलीत ती पिल्लं आपोआप पडलेली नव्हती. आया घाईत उडाल्या, पोटाला धरलेली सुटली.

मास्तरीण

कायद्याचं मी सांगते, ग्रामसेवकांच्या मागं फिरून शिकलेय.

फळं खाणारी वटवाघळं पूर्वी वन्यजीव कायद्यात उंदीर-कावळ्यांबरोबर 'उपद्रवी' म्हणून परिशिष्ट पाचमध्ये होती. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच काढून टाकलं. त्यामुळं 'वटवाघूळ मारलं तर चालतं' हे जे गावोगाव सांगतात ते जुनं झालं. पण कायदा दाखवून गावात कोणी ऐकत नाही, उलट वैर होतं.

त्यापेक्षा जैवविविधता कायदा, २००२. त्याखाली तुमच्या ग्रामपंचायतीतही जैवविविधता व्यवस्थापन समिती असणार, कागदावर का होईना. लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद, ती पण असेल. आमच्या पंचायतीची मी कपाटातून काढायला लावली. कोणीतरी बाहेरच्यानं भरून दिलेली, त्यात 'वटवाघूळ – १ प्रकार' एवढीच ओळ. तर तुमच्या नोंदवहीत गुहेचं पान लिहून घ्या: जागा, कधीपासून, किती, कधी पिल्लं. ग्रामसभेत वाचून दाखवा. याच कायद्याच्या कलम ३७ खाली गडचिरोलीतलं आलापल्लीचं जुनं जंगल जैविक वारसा स्थळ झालंय. तुमची गुहा तिथवर जाणार नाही कदाचित, पण नोंद झाली की पुढच्या ठेकेदाराला ती वाचावी लागते.

आणि मोजणी पोरांना करू द्या. बाहेर बसून.

शंकासुर

कठड्याला माझी हरकत नाही. माझा मूळ मुद्दा गर्दी आणि वटवाघळं वेगळी ठेवा एवढाच होता. ते साधतंय.

अवांतर: पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या नावानं एक वटवाघूळ आहे म्हणे?

निशाचर

हो, लॅटिडेन्स सलीमअली. दक्षिणेच्या घाटातलं, फळं खाणारं, तेही गुहेतच राहतं. अँगस हटन यांनी १९४८ मध्ये तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात ते धरलं, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत (बीएनएचएस) दिलं, आणि तिथं ते साध्या फळवटवाघळाच्या नावानं कपाटात पडून राहिलं. किट्टी थाँगलाँग्या यांनी १९७२ मध्ये बघितलं तेव्हा कळलं, ही तर वेगळीच जात. चोवीस वर्षं 'साधं' म्हणून चिठ्ठी लटकत होती.

सरकीवाला

कपाटातल्या वटवाघळाला मास्तरीणबाईंच्या कपाटातली नोंदवही भेटायला पाहिजे.

घाटावरचा

आठवडाभर आलो नाही, माफ करा. बैठकीचं सांगतो.

मी बोंडअळीपासून सुरुवात केली. निम्मे लोक मोबाईलमध्ये. कोलारचं सांगितलं, तेव्हा सरपंच म्हणाले, 'जगात एकाच ठिकाणी? मग आपल्याकडं यायला बस लागते का तिथून?' सगळे हसले. मला वाटलं संपलं.

मग पुजारीबुवा उठले. हे कधी बोलत नाहीत. म्हणाले, धूर करायचा नाही. का, तर नाही. खोदून विचारल्यावर कळलं. बुवा दर वर्षी मागच्या खोलीतून दोन-तीन पोती खत काढतात आणि त्यांच्या मिरचीला घालतात! गावात त्यांच्या मिरचीचं नाव आहे, आणि आम्ही इतकी वर्षं देवीची कृपा समजत होतो. अख्खी बैठक त्यांच्याकडं बघत बसली. एकजण म्हणाला, मग माझ्या शेताला का नाही? त्यावरून अर्धा तास भांडण. पण धूर रद्द झाला, कारण आता ते खत कोणालाच घालवायचं नव्हतं.

कठडा मान्य झाला. दिवे दोनवर आले, एकाला मी अजून भांडतोय.

परवा संध्याकाळी शाळेची चार पोरं घेऊन बाहेरच्या चिंचेखाली बसलो. सव्वासहापासून. आधी मोठ्या कानाची एक आली, तोंडाशी घिरटी घालून परत आत. मग बारीक सुरू झाली. पाच मिनिटं एकही नाही, मग एकदम दहा-बारा. माझा आकडा २१४, पोरांपैकी एकाचा २६०, एकाचा १९०. चौथा म्हणे ५००, पण तो मध्येच पाणी प्यायला गेला होता. कुठला लिहू?

आणि बुवा विचारतात, खत कधी काढायचं. ते आजवर वैशाखात काढत होते, मिरचीच्या आधी.

निशाचर

२१४ पण लिहा, २६० पण, १९० पण. तारीख, वेळ, ढग होते का, चंद्र होता का तेही लिहा. पुन्हा आत गेलेली वजा करायची. पुढच्या वेळी दोघांनी बाहेर जाणारी मोजायची, दोघांनी आत येणारी. एकच दिवस मोजून काही कळत नाही. दर महिन्याला एकदा, वर्षभर करा, मग आकडा बोलायला लागतो.

बुवांना सांगा, वैशाख सोडून कार्तिकात काढा. पिल्लं तोवर उडती झालेली असतात. अंधार पडून सगळी बाहेर गेली की आत जायचं, नाकातोंडाला चांगला मास्क लावून, अर्ध्या तासात बाहेर. सगळं खरवडायचं नाही. त्या खतावर जगणारे किडेही आत आहेत, त्यांना थोडं ठेवायचं.

बुवांना माझा नमस्कार. वन खात्याला जमलं नसतं ते मिरचीनं केलं.

घाटावरचा

कार्तिकाला बुवा तयार आहेत, पण म्हणतात अंधारात एकट्यानं जाणार नाही, सोबत कोणी द्या. ५०० वाला पोरगा तयार झालाय.

पुढची मोजणी पौर्णिमा टाळून, येत्या शनिवारी.

वऱ्हाडी ठेचा

शनिवारी मी येतो मोजाले. लोणारले काम हाय, तिकून येतो. टॉर्च आनू का नोको?

घाटावरचा

आणा. पुढं पतंगाचा लाल कागद लावून. आणि ठेचा पण आणा.